आयडलला थरथरणारं जुनं इंजिन: कार्बोरेटरच्या स्क्रूला हात सगळ्यात शेवटी

गाडी पळताना ठीक वाटते, पण ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की, म्हणजे आयडलला, इंजिन थरथरायला लागतं, मधूनच मिस मारतं आणि कधी कधी बंदच पडतं. अशा वेळी बहुतेकांचा हात आधी जातो तो कार्बोरेटरच्या स्क्रूंकडे. ते समोरच दिसतात, फिरवायला सोपे असतात आणि फिरवल्यावर काही ना काही फरक पडतोच, त्यामुळे आपण योग्य जागी काम करतोय असं वाटतं. प्रत्यक्षात जुन्या इंजिनात आयडलच्या तक्रारीचं मूळ फार वेळा इग्निशनमध्ये (ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेत), टॅपेटमध्ये (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाच्या फटीत) किंवा कुठून तरी हवा ओढली जाण्यात असतं. तिकडे न बघता मिक्श्चर, म्हणजे हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचा स्क्रू, फिरवत बसणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

कामाचा क्रम ठरलेला आहे आणि त्याला कारण आहे. पॉइंटची, म्हणजे इग्निशनमधल्या उघड-मीट करणाऱ्या स्विचची, गॅप बदलली की टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, हलतं. टायमिंग हललं की आयडलचा स्पीड बदलतो. तो जागेवर आणायला थ्रॉटल (ॲक्सिलरेटरने उघडणारी कार्बोरेटरची झडप) कमी-जास्त उघडावा लागतो आणि थ्रॉटल किती उघडा आहे यावर मिक्श्चर स्क्रू नीट काम करणार की नाही हे ठरतं. उलट्या बाजूने असं होत नाही. मिक्श्चर कितीही फिरवलं तरी पॉइंटची गॅप जागची हलत नाही. म्हणून टॅपेट आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब), मग पॉइंट-प्लग, मग टायमिंग, मग हवेची गळती आणि शेवटी कार्बोरेटर. खाली जे आकडे दिले आहेत ते पॉइंट-कंडेन्सरच्या चार सिलिंडर पेट्रोल इंजिनांना साधारण लागू पडणारे आहेत. तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये वेगळं लिहिलं असेल तर मॅन्युअलचंच ऐकायचं.

लागणारी हत्यारं आणि थोडी काळजी

फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), प्लग पाना, टायमिंग लाइट, मल्टीमीटर, १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प आणि टॅकोमीटर एवढ्यात बहुतेक काम होतं. ड्वेल मीटर (पॉइंट किती अंश मिटलेले राहतात ते मोजणारा) आणि व्हॅक्यूम गेज (इंजिन हवा किती ओढतं ते मोजणारा) असेल तर उत्तम. यातली एकच वस्तू नवी घ्यायची असेल तर मी व्हॅक्यूम गेज घ्यायला सांगेन. एवढ्याशा हत्यारातून इंजिनाबद्दल इतकी माहिती दुसरं काही देत नाही.

काम उघड्यावर करा. बंद गॅरेजमध्ये चालू इंजिनाचा कार्बन मोनॉक्साइड वासावरून कळत नाही. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड लावलेले, बाह्या वर सारलेल्या. टायमिंग लाइटच्या उजेडात फिरता पंखा थांबल्यासारखा किंवा सावकाश फिरत असल्यासारखा दिसतो. त्याच क्षणी हात पुढे जातो, म्हणून लाइटची वायर आणि आपली बोटं पंख्यापासून लांबच ठेवायची.

आधी ऐका, मग उघडा

इंजिन पूर्ण गरम होऊ द्या. थंड इंजिनावर केलेलं कुठलंही सेटिंग गरम झाल्यावर बदलतं. चोक (थंड इंजिनासाठी हवा कमी करणारी झडप) पूर्ण उघडला आहे ना, हे एअर फिल्टर काढून डोळ्यांनी बघा. चोकची केबल अडकून झडप अर्धवट मिटलेली राहिली, तर गरम इंजिन काळा धूर टाकत लंगडतं आणि बाकी सगळं ठीक असूनही दिवस वाया जातो.

आता आवाज ऐका. ठरावीक तालात एकच ठोका चुकत असेल तर दोष एका सिलिंडरपुरता आहे: प्लग, त्याची वायर, टॅपेट किंवा जळलेला व्हॉल्व्ह. ताल नसलेली, कधी इथे कधी तिथे अशी मिसिंग असेल तर दोष सगळ्यांना समाईक असलेल्या ठिकाणी शोधायचा: पॉइंट, कंडेन्सर, कॉइल (प्लगसाठी जास्त व्होल्टेज तयार करणारी), मिक्श्चर. स्पीड आपोआप सावकाश वर-खाली होत असेल तर मिक्श्चर पातळ असण्याची किंवा कुठून तरी हवा येत असल्याची शंका घ्या.

एका सिलिंडरचा संशय असेल तर आयडलवर एकेका प्लगची वायर काढून बघायची जुनी पद्धत अजूनही चांगली आहे. इन्सुलेटेड चिमटा वापरा आणि काढलेली वायर हवेत लोंबती न ठेवता अर्थला टेकवा, नाहीतर कॉइलवर ताण येतो. चांगल्या सिलिंडरची वायर काढली की स्पीड स्पष्ट पडतो. ज्याची काढूनही फरक पडत नाही, तो आधीपासूनच काम करत नव्हता.

टॅपेट आणि कॉम्प्रेशन

टॅपेट फार टाइट असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. जोरात रेस दिल्यावर ते झाकलं जातं, पण आयडलला लगेच दिसतं. टॅपेटचा आवाज येत नाही म्हणून सगळं ठीक आहे असं समजू नका. टाइट टॅपेट आवाज करत नाही, गुपचूप व्हॉल्व्ह जाळतो. गॅप थंड इंजिनावर मोजायची की गरम, हे मॅन्युअलमध्ये पाहूनच मोजा.

कॉम्प्रेशन मोजताना सगळे प्लग काढा, कॉइलची जोडणी सोडा, थ्रॉटल पूर्ण उघडा धरा. किती आकडा येतो यापेक्षा चारही सिलिंडर एकमेकांच्या जवळ आहेत का हे महत्त्वाचं. सर्वांत कमी आकडा सर्वांत जास्तीच्या तीन चतुर्थांशाहून खाली गेला तर आयडल गुळगुळीत होण्याची आशा सोडा. अशा सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत मोजा. आकडा वर आला तर रिंगा, जागच्या जागी राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.

प्लग, पॉइंट, कंडेन्सर

काढलेले प्लग ओळीने मांडा, कुठला कुठल्या सिलिंडरचा हे लक्षात ठेवून. तपकिरी-राखाडी रंग चांगला. कोरडी काळी काजळी म्हणजे मिक्श्चर जाड किंवा स्पार्क कमजोर. पांढराफटक म्हणजे पातळ मिक्श्चर किंवा जास्त तापणं. ओला, तेलकट प्लग ऑइल वर चढत असल्याचं सांगतो. चारही सारखेच काळे असतील तर कार्बोरेटर किंवा चोककडे बोट दाखवता येतं. एकच वेगळा असेल तर त्या सिलिंडरपाशीच थांबा. पॉइंटच्या इग्निशनला प्लगची गॅप साधारण ०.६ ते ०.८ मिलिमीटर असते.

प्रत्येक प्लगला करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची कॅप काढून आतून उजेडात फिरवून बघा. दोन टोकांमध्ये पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर तो करंट पळायचा रस्ता आहे. कॅप पुसून तो जात नाही, कॅप बदलावी लागते. मधला कार्बन स्प्रिंगवर हलतोय ना तेही पाहा. अंधारात इंजिन चालू करून हायटेन्शन वायरींकडे बघितलं तर निळसर ठिणग्या कुठून गळतात ते डोळ्यांना दिसतं.

पॉइंटची दोन्ही तोंडं स्वच्छ, करडी आणि एकमेकांवर पूर्ण टेकणारी हवीत. एका तोंडावर टेकडी आणि दुसऱ्यावर खड्डा झाला असेल तर फिलर गेज टेकडीवर अडतो आणि खरी गॅप समजत नाही. असे पॉइंट घासून वेळ मारून नेता येते, पण बदलणं बरं. पॉइंट लवकर जळत असतील आणि स्पार्क पिवळट, लुळा असेल तर कंडेन्सरवर संशय घ्या. ती छोटीशी डबी पॉइंट उघडताना होणारी ठिणगी शोषून घेते. ती गेली की पॉइंटही जळतात आणि कॉइलमधूनही पूर्ण व्होल्टेज मिळत नाही.

गॅप घ्यायची पद्धत अशी. फॅन बेल्ट धरून किंवा पुलीच्या नटला पाना लावून इंजिन फिरवा, पॉइंटची टाच कॅमच्या (डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टवरच्या उंचवट्याच्या) बरोबर शिखरावर आणा. स्क्रू किंचित ढिला करून मॅन्युअलमधली गॅप घ्या, बहुतेक चार सिलिंडरमध्ये ती ०.३५ ते ०.५ मिलिमीटरच्या आसपास असते. गेज हलकेच घासत सरकायला हवा, अडकता कामा नये. स्क्रू आवळताना प्लेट सरकते, म्हणून आवळल्यावर पुन्हा एकदा गेज घाला. हे टाळलं तर सगळी मेहनत फुकट. गेजवर तेल असेल तर ते पॉइंटच्या तोंडाला लागून जळतं. ते पुसून घ्या. टाचेखाली कॅमवर हाय टेम्परेचर ग्रीसचा अगदी बारीक थर द्या. कोरडा कॅम टाच खातो.

ड्वेल मीटर असेल तर गेजपेक्षा त्याच्यावर जास्त भरवसा ठेवा, कारण तो इंजिन चालू असताना मोजतो. चार सिलिंडरमध्ये कॅमच्या प्रत्येक शिखराला ९० अंश मिळतात, त्यातले साधारण ५० ते ६० अंश पॉइंट मिटलेले असतात. गॅप वाढवली की ड्वेल कमी होतो आणि टायमिंग पुढे सरकतं. गॅप कमी केली की टायमिंग मागे पडतं. रेस देताना ड्वेलचा आकडा दोन-तीन अंशांपेक्षा जास्त नाचत असेल तर डिस्ट्रिब्युटरची शाफ्ट बुशमध्ये खेळते आहे. रोटर, म्हणजे कॅपखालचा फिरता तुकडा, बोटाने बाजूला ढकलून पाहा, प्ले हाताला कळतो. अशा डिस्ट्रिब्युटरवर कुठलंच टायमिंग टिकत नाही.

टायमिंग

चार स्ट्रोकच्या इंजिनात पिस्टन एका चक्रात दोनदा वर येतो, एकदा कॉम्प्रेशनला आणि एकदा एक्झॉस्टला. पुलीवरची खूण दोन्ही वेळा पॉइंटरसमोर येते. म्हणून एक नंबरचा प्लग काढून छिद्रावर अंगठा ठेवा आणि इंजिन फिरवा. अंगठा आतून जोराने ढकलला जातोय आणि खूण जवळ येतेय, तर ते कॉम्प्रेशन. त्या वेळी रोटर एक नंबरच्या वायरीकडे बघत असला पाहिजे. तिथून पुढे फायरिंग ऑर्डरप्रमाणे, म्हणजे बऱ्याच इन-लाइन चार सिलिंडरमध्ये १-३-४-२ आणि काहींमध्ये १-२-४-३, रोटर फिरतो त्याच दिशेने वायरी लागलेल्या आहेत ना हे बघा. दोन वायरींची अदलाबदल झाली तर इंजिन चालतं, पण बेसूर चालतं, कार्बोरेटरमधून फटाके मारतं, आणि लोक कार्बोरेटर खोलतात.

पुलीवरची खूण तेल-मातीखाली गाडलेली असते. वायर ब्रशने ती स्वच्छ करून पांढऱ्या खडूने किंवा रंगाने ठळक करा. रबर असलेल्या डॅम्पर पुलीवर बाहेरची रिंग वर्षानुवर्षांत सरकते आणि खूण खोटं बोलायला लागते. संशय असेल तर प्लगच्या छिद्रात पिस्टन स्टॉप (पिस्टनला अडवणारं हत्यार) लावून खरा टॉप डेड सेंटर (पिस्टन सर्वांत वर असतो ती जागा) शोधा: इंजिन दोन्ही दिशांना सावकाश हाताने फिरवून जिथे जिथे अडतं तिथे खूण करा, त्या दोघांचा मध्य म्हणजे खरा टॉप.

इंजिन चालूच होत नसेल तर आधी स्टॅटिक टायमिंग लावा. टेस्ट लॅम्पचं एक टोक कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडे जाणाऱ्या टर्मिनलला, दुसरं अर्थला. इग्निशन ऑन करून इंजिन मॅन्युअलमधल्या अंशांवर, म्हणजे टॉपच्या थोडं आधी, आणून ठेवा. आता डिस्ट्रिब्युटरचा क्लॅम्प ढिला करून बॉडी फिरवा. दिवा ज्या क्षणी लागतो तो पॉइंट उघडण्याचा क्षण, तिथेच क्लॅम्प आवळा. चावी उगाच ऑन ठेवून चहाला जाऊ नका. पॉइंट मिटलेले असतील तर कॉइल तापत राहते.

इंजिन चालत असेल तर टायमिंग लाइट. क्लिप एक नंबरच्या वायरीवर. व्हॅक्यूम ॲडव्हान्सचा (इनलेटच्या ओढीने टायमिंग पुढे नेणाऱ्या डबीचा) पाइप काढा आणि इनलेटकडून येणारं तोंड बंद करा, कारण ते उघडं राहिलं तर तुम्हीच एक हवेची गळती तयार केली. काही इंजिनांना पाइप लावून मोजायला सांगितलेलं असतं, ते मॅन्युअलमध्ये बघून घ्या. आयडल शक्य तितका खाली, ७०० ते ९०० आरपीएमच्या आसपास आणा. स्पीड जास्त असेल तर सेंट्रिफ्युगल ॲडव्हान्स (फिरत्या वजनांनी टायमिंग पुढे नेणारी यंत्रणा) सुरू झालेला असतो आणि तुम्ही खोटा आकडा वाचता. लाइट मारा, खूण कुठे दिसते ते बघा. बॉडी रोटरच्या फिरण्याच्या उलट दिशेला फिरवली की टायमिंग पुढे येतं, त्याच दिशेला फिरवली की मागे जातं. इथे मिलिमीटरभर हालचाल पुष्कळ असते. क्लॅम्प आवळल्यावर पुन्हा लाइट मारायची, कारण आवळतानाही बॉडी सरकते.

आता सावकाश रेस द्या. खूण एकसारखी पुढे सरकत गेली पाहिजे आणि रेस सोडल्यावर नेमकी जुन्या जागी परत आली पाहिजे. सरकतच नसेल तर आतली वजनं गंजून अडकली आहेत. परत येत नसेल तर स्प्रिंग मेलेली आहे. या दुसऱ्या दोषात आयडल कधी १,२०० तर कधी ६०० असा होतो आणि लोक थ्रॉटल स्क्रू फिरवून थकतात. खूण एका जागी न राहता उड्या मारत असेल तर डिस्ट्रिब्युटरचा प्ले किंवा ढिली टायमिंग चेन.

व्हॅक्यूम ॲडव्हान्स तपासायला कॅप काढून पाइपला तोंडाने ओढ द्या. पॉइंटची प्लेट सरकली पाहिजे, आणि जिभेने तोंड बंद केलं की तिथेच थांबली पाहिजे. परत सरकत आली तर डायफ्राम फाटलेला आहे. तो पाइप इनलेट मॅनिफोल्डला जोडलेला असेल तर फाटलेल्या डायफ्राममधून आयडललाच हवा घुसते. म्हणजे टायमिंगही बिघडतं आणि मिक्श्चरही.

टायमिंग मागे असेल तर इंजिन गरम चालतं, पिकअप सुस्त होतो आणि आयडल टिकवायला थ्रॉटल जास्त उघडावा लागतो. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, कार्बोरेटरपाशी त्याची गरज लागणार आहे. टायमिंग फार पुढे असेल तर स्टार्टर गरम इंजिनाला उलटा धक्का खातो आणि चढावर लोड आला की पिंगिंग, म्हणजे खुळखुळल्यासारखा आवाज येतो. पिंगिंग सहन करत गाडी चालवू नका, पिस्टन फुटतो.

हवा कुठून येतेय

कार्बोरेटरच्या खालचं गॅस्केट, मॅनिफोल्डचं गॅस्केट, ब्रेक बूस्टरचा पाइप, पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनाच्या पोटातले वायू इनलेटला नेणारा) आणि थ्रॉटल शाफ्टचे झिजलेले बुश. एवढ्या पाच जागा बघितल्या की बहुतेक गळत्या सापडतात. पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर फवारून गळती शोधायची सवय अनेकांना असते. गरम एक्झॉस्टच्या वर आणि गळक्या वायरींच्या शेजारी ते करणं मला पटत नाही. स्प्रे बाटलीतलं साधं पाणी पुरतं: सांध्यावर बारीक फवारा मारला आणि आवाज क्षणभर बदलला, तर गळती तिथेच. फवारा डिस्ट्रिब्युटरकडे जाऊ देऊ नका. ब्रेक बूस्टरचा पाइप चिमट्याने दाबून आयडल सुधारला तर बूस्टर किंवा पाइप दोषी. थ्रॉटल शाफ्ट बोटांनी वर-खाली हलवा. टकटक जाणवली आणि हलवताना स्पीड बदलला, तर बुश बदलल्याशिवाय आयडल कधीच नीट धरणार नाही.

व्हॅक्यूम गेज असेल तर मॅनिफोल्डला जोडा. समुद्रसपाटीजवळ निरोगी इंजिन आयडलला १७ ते २१ इंच पारा दाखवतं आणि काटा स्थिर असतो. दर ३०० मीटर उंचीला सुमारे एक इंच कमी धरा. काटा स्थिर पण थोडा खाली असेल तर टायमिंग मागे असण्याची शक्यता मोठी. फारच खाली असेल तर हवा ओढली जातेय. ठरावीक तालात खाली टपकत असेल तर एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाही. सावकाश पुढे-मागे तरंगत असेल तर मिक्श्चर.

आता कार्बोरेटर

कार्बोरेटरला आयडलसाठी वेगळा छोटा मार्ग असतो: आयडल जेट (पेट्रोलचं बारीक भोक), हवेचं बारीक छिद्र, मिक्श्चर स्क्रूच्या टोकाशी असलेलं तोंड, आणि थ्रॉटलच्या कडेशी आयडलवरून पुढच्या मार्गावर नेणारी एक-दोन छिद्रं. थ्रॉटल जवळजवळ बंद असताना ही छिद्रं त्याच्या कडेमागे झाकलेली असतात. थ्रॉटल स्टॉप स्क्रूने तो जास्त उघडला की ती उघडी पडतात, त्यांच्यातूनही पेट्रोल यायला लागतं, आणि मिक्श्चर स्क्रू पूर्ण आत फिरवला तरी इंजिनाला काही फरक पडत नाही. असं झालं तर स्क्रू खराब नाही. इंजिनाला टिकायला थ्रॉटल जास्त उघडा का लागतोय, ते शोधा. उत्तर बहुधा मागे पडलेलं टायमिंग, टाइट टॅपेट किंवा बंद पडलेला आयडल जेट असतं.

आयडल जेटजवळ इलेक्ट्रिक कट-ऑफ सोलेनॉइड (विजेवर उघडणारी झडप) असेल तर इग्निशन ऑन करताना टक असा आवाज यायला हवा. त्याची वायर निसटली की गाडी रेसवर चालते आणि पाय काढताच मरते. एका वायरीसाठी कार्बोरेटर ओव्हरहॉल झालेले आहेत. जेटमध्ये तार घालू नका, भोक मोठं होतं. क्लीनरमध्ये भिजवून हवेच्या दाबाने फुंका, डोळ्यांना चष्मा लावून. फ्लोट चेंबरमधून पेट्रोल ओव्हर होत असेल तर नीडल व्हॉल्व्ह आणि फ्लोटची पातळी आधी, मिक्श्चर नंतर.

सेटिंग असं. मिक्श्चर स्क्रू हलक्या हाताने आत बसेपर्यंत फिरवा, जोर दिला तर टोक खराब होतं. मग साधारण दीड फेरी बाहेर. गरम इंजिन चालू करा, स्टॉप स्क्रूने स्पीड मॅन्युअलप्रमाणे आणा. मिक्श्चर स्क्रू पाव फेरी, पाव फेरी करत आत न्या, इंजिन अडखळायला लागलं की थांबा. मग बाहेर काढत जा, स्पीड वाढून सर्वांत गुळगुळीत चालतो ती जागा शोधा. स्पीड वाढला असेल तर स्टॉप स्क्रूने खाली आणा आणि मिक्श्चर पुन्हा तपासा. दोन-तीन फेऱ्यांत दोन्ही स्क्रू जागेवर येतात. बहुतेक कार्बोरेटरमध्ये स्क्रू आत गेला की मिक्श्चर पातळ होतं. मोटरसायकलच्या अनेक कार्बोरेटरमध्ये मात्र तो एअर स्क्रू असतो, फिल्टरच्या बाजूला, आणि तिथे उलटं: आत म्हणजे जाड.

एसयू प्रकारच्या कार्बोरेटरमध्ये असा स्क्रू नसतो, खालचा जेट नट असतो. तिथे पिस्टन उचलायच्या पिनने कार्बोरेटरमधला पिस्टन (इंजिनाचा नव्हे) जेमतेम मिलिमीटरभर वर करा. स्पीड क्षणभर वाढून परत बसला तर मिक्श्चर बरोबर. वाढून वाढलेलाच राहिला तर जाड. इंजिन लगेच मरायला लागलं तर पातळ.

व्हॅक्यूमचा पाइप परत लावा, हेडलाइट ऑन करून आयडल धरतो का बघा, गाडी चढावर नेऊन पिंगिंग ऐका. आवाज आला तर टायमिंग एक-दोन अंश मागे. नवे पॉइंट टाकले असतील तर त्यांची टाच सुरुवातीच्या काहीशे किलोमीटरमध्ये घासून बसते, गॅप कमी होते आणि टायमिंग मागे सरकतं. त्यानंतर आयडल पुन्हा बिघडल्यासारखा वाटला तर फिलर गेज काढायचा, स्क्रू ड्रायव्हर नाही.